व्याध : नया नगरच्या गच्चीवरून

ही पुस्तिका एकाच ताऱ्यावर लिहिलेली आहे. आकाशदर्शनाच्या पुस्तकांत सहसा सत्तावीस नक्षत्रं असतात, बारा राशी असतात, आकाशगंगेचा पट्टा असतो, देवयानी दीर्घिका कुठे शोधावी याच्या खुणा असतात. वाचक ते पुस्तक घेऊन गच्चीवर जातो, वर बघतो आणि नकाशातलं फारसं काही सापडत नाही म्हणून खाली येतो. मिरा रोडला हे हमखास घडतं. मग शहरात आता तारे उरलेच नाहीत, असं म्हणून विषय संपतो. मला तो तिथे संपू द्यायचा नाही. नया नगरच्या आकाशात डिसेंबरपासून मेपर्यंत, रात्रीच्या जेवणाच्या आसपासच्या वेळांत, एक तारा इतका ठसठशीत दिसतो की रस्त्यावरचे दिवे आणि हिवाळ्यातलं धुरकं मिळूनही त्याला झाकू शकलेले नाहीत. त्याचं नाव व्याध. त्याच्याशी नीट ओळख झाली तर बाकीचं बरंच खगोलशास्त्र त्याच्यामागोमाग येतं, या विश्वासाने ही पानं लिहिली आहेत.

नया नगर मिरा रोड स्टेशनच्या पूर्वेला आहे. इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, गल्लीतून वर पाहिलं तर दोन कठड्यांमधली आकाशाची चिंचोळी पट्टी तेवढी दिसते. तरीही ही वस्ती आकाशाकडे बघायला विसरलेली नाही. शाबान महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी इथल्या गच्च्या भरून जातात. आजोबा, मुलं, कामावरून नुकत्याच परतलेल्या बायका, सगळे मावळतीकडे तोंड करून रमजानची चंद्रकोर शोधत असतात. इथून थोड्याच अंतरावरच्या मराठी घरांत संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहिली जाते, तेव्हा तोंड उगवतीकडे असतं. पंचांग, कॅलेंडर, मोबाइल सगळं हाताशी असूनही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय समाधान होत नाही, अशी ही दोन्हीकडची माणसं आहेत. ज्यांना चंद्र बघायची सवय आहे त्यांना तारा दाखवणं अवघड नाही.

योगही चांगला आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०२६ साली त्याची सुरुवात फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि पुढे दशक संपेपर्यंत तो फेब्रुवारी-जानेवारीच्या पट्ट्यात राहणार आहे. हाच व्याधाचा मोसम. फेब्रुवारीच्या मध्यावर संध्याकाळी सातच्या सुमारास चंद्रकोर पाहून झाली की पाठ फिरवा आणि आग्नेयेला बघा. क्षितिजापासून अर्ध्याहून थोड्या कमी उंचीवर तो एकटा लखलखत असतो. तरावीहची नमाज आटोपून माणसं साडेनऊच्या सुमारास बाहेर पडतात तेव्हा तो बरोबर दक्षिणेला, ५४ अंशांवर चढलेला असतो. ही उंची फार मोलाची आहे. समोरची सात मजली इमारतही त्याला सहसा आडवी येत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. एका ओळीत, सारख्या अंतरावर असलेले तीन तारे आधी शोधायचे. हा मृगातला बाण. आपल्याकडच्या गावांत याला तिकांडं म्हणतात आणि ते किती कललं यावरून रात्र किती झाली याचा अंदाज बांधतात. ही तीन ताऱ्यांची रेघ खाली डावीकडे वाढवत नेली की ती व्याधाशी पोचते. उलट, वर उजवीकडे वाढवली की तांबूस रोहिणी भेटते. शुक्र आणि गुरू हे दोन ग्रह व्याधाहून तेजस्वी असतात आणि नवशिक्याची गल्लत होते ती त्यांच्याशीच. पण ग्रह सूर्याच्या वाटेच्या आसपासच फिरतात आणि व्याध त्या वाटेच्या सुमारे ४० अंश दक्षिणेला आहे. म्हणजे त्याच्या जागी ग्रह कधीच येणार नाही. जवळ तिकांडं आहे ना, एवढं पाहिलं की पुरे.

तो किती तेजस्वी आहे? ताऱ्यांना प्रती देण्याची पद्धत प्राचीन ग्रीकांपासूनची. सर्वांत ठळक ते पहिल्या प्रतीचे, काळ्याकुट्ट रात्री नुसत्या डोळ्यांना कसेबसे दिसणारे ते सहाव्या. या मोजमापाला गणिताची शिस्त लावली नॉर्मन पॉगसनने, १८५६ साली. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीचपट फरक. हाच पॉगसन पुढे १८६१मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या मापाने व्याधाची प्रत उणे १.४६ येते. सहाव्या प्रतीच्या ताऱ्याशी तुलना केली तर तो जवळजवळ हजारपट तेजस्वी ठरतो. नया नगरचं आकाश फिकट ताऱ्यांना गिळून टाकतं, पण हजारपटीचं भांडवल घेऊन बसलेल्या या ताऱ्याचं काही बिघडत नाही. सूर्य सोडला तर पृथ्वीवरून दिसणाऱ्या सगळ्या ताऱ्यांत तोच पहिला.

मात्र त्याचं हे पहिलेपण बरंचसं शेजारधर्मातून आलेलं आहे. व्याध आपल्यापासून अवघा ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे सुमारे ८१ लाख कोटी किलोमीटर. ताऱ्यांच्या हिशेबात हे अंतर काहीच नाही. आज तिसरी-चौथीत असलेल्या मुलाला तो दाखवाल तर सांगा, की डोळ्यांत शिरणारा हा प्रकाश तू जन्मलास त्या सुमारास तिथून निघालेला आहे. प्रत्यक्षात व्याध सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचा, सूर्याहून सुमारे २५ पट प्रकाश देणारा, पृष्ठभागावर जवळजवळ १० हजार अंश तापलेला निळसर पांढरा तारा आहे. मोठा आहे, पण अचाट नाही. अचाट तारा बघायचा असेल तर व्याधाच्या खाली, दक्षिण क्षितिजाजवळ बघा. गच्चीची दक्षिण बाजू मोकळी असेल तर क्षितिजापासून १८ अंशांवर अगस्त्य दिसेल. तेजात त्याचा नंबर दुसरा, पण तो ३०० प्रकाशवर्षांहून दूर आहे आणि सूर्याच्या १० हजारपटीहून अधिक प्रकाश ओततो. तो व्याधाच्या जागी असता तर रात्री आपल्या सावल्या पडल्या असत्या. लंडन-पॅरिसच्या लोकांना अगस्त्य जन्मात घरून दिसत नाही; मिरा रोडकरांना दिसतो, फक्त समोरच्या टॉवरच्या गच्चीवर जायला मिळालं पाहिजे.

या दोघांवर अरबांची एक जुनी गोष्ट आहे आणि ती मला या वस्तीत मुद्दाम सांगावीशी वाटते. अगस्त्याला ते सुहैल म्हणतात, व्याधाला शिअरा. शिअरा दोन बहिणी. सुहैल दक्षिणेला निघून गेला तेव्हा एक बहीण आकाशगंगा ओलांडून त्याच्या मागे गेली, ती व्याध. दुसरी पलीकडच्या काठावरच राहिली आणि रडून रडून तिचे डोळे क्षीण झाले. ती प्रश्वा, व्याधापेक्षा फिकी. आकाशात खरोखरच आकाशगंगेचा पट्टा या दोन ताऱ्यांच्या मधून जातो. आपल्याला इथून तो पट्टा दिसत नाही, पण नदी कुठून वाहते आहे हे या दोन बहिणींवरून कळतं. इस्लामपूर्व अरबस्तानात काही टोळ्या शिअराची पूजा करत. कुराणात हा तारा नावाने येतो, त्रेपन्नाव्या सूरह अन-नज्ममध्ये, आणि तिथे भर आहे तो त्याचाही स्वामी अल्लाहच आहे यावर. ही सूरह पाठ असलेली किती तरी माणसं नया नगरात रोज त्या ताऱ्याखालून घरी जात असतील. त्यांच्यापैकी एकाला जरी हाच तो तारा म्हणून बोट करून दाखवता आलं, तर या पुस्तिकेचा खर्च वसूल झाला असं मी समजेन.

आपल्याकडच्या कथेत तो शिकारी आहे. ऐतरेय ब्राह्मणात येणारी ही कथा क्रूर आणि विलक्षण आहे. प्रजापती मृगाचं रूप घेऊन स्वतःच्याच मुलीच्या, रोहिणीच्या, मागे लागला. देवांना हे असह्य झालं. त्यांनी आपल्यातली सगळी उग्रता एकवटून एक देव निर्माण केला आणि त्याने मृगाला बाण मारला. मारणारा तो मृगव्याध, मारला गेला तो मृग, आणि तीन कांड्यांचा बाण अजून मृगाच्या अंगात रुतलेला आहे. मघाशी जी रेघ आपण वर-खाली वाढवली, तिच्यावर ही सगळी कथा एका ओळीत मांडलेली आहे : खाली व्याध, मध्ये बाण, वर रोहिणी. एवढ्या जुन्या काळी कुणी तरी हे नीट पाहून, ताऱ्यांच्या जागा जुळवून कथा रचली आहे, हे गच्चीवर उभं राहून स्वतः पडताळता येतं. ग्रंथ न उघडता पडताळता येणाऱ्या अशा प्राचीन गोष्टी फार नाहीत.

याच भागातल्या आकाशावर लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' हा ग्रंथ लिहिला. वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा) एके काळी मृगशीर्षात होता, त्याच्या आठवणी वेदांत शिल्लक आहेत, म्हणून ती रचना इसवी सनापूर्वी ४०००च्या आसपासची, असा त्यांचा युक्तिवाद. व्याधाला श्वान मानणाऱ्या जुन्या उल्लेखांचाही त्यांनी त्यात आधार घेतला. याच सुमारास जर्मनीत संस्कृतचा अभ्यासक याकोबी स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला आला होता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथही याच दशकातला, १८९६चा. टिळकांची कालगणना पुढच्या बऱ्याच अभ्यासकांनी स्वीकारली नाही आणि मलाही तिच्यातले काही दुवे ताणलेले वाटतात. पण राजकारणाच्या धबडग्यातला एक माणूस मृगाकडे बघून संपातबिंदूचा हिशेब मांडतो, आणि त्याच वेळी दुसरा मराठीत भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहितो, हे दशक मराठी माणसाने विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

शेतकऱ्याच्या तोंडी मात्र मृग येतो तो पावसासोबत. सूर्य ७-८ जूनला मृग नक्षत्रात जातो, तेव्हा मृग लागला म्हणतात. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र त्याच्या उजेडात बुडालेलं असतं, म्हणजे मृग लागतो तेव्हा मृगाचे तारे दिसतच नाहीत. व्याधाचंही तसंच. मेमध्ये तो मावळतीला कलत जातो, जूनच्या पहिल्या आठवड्यात संधिप्रकाशात जेमतेम सापडतो, आणि कोकणात पावसाची चाहूल लागता लागता हरवतो. प्राचीन इजिप्तमध्ये याच्या नेमकं उलट होतं. तिथे सुमारे ७० दिवस गायब असलेला व्याध उन्हाळ्याच्या मध्यावर पहाटे पुन्हा उगवला की नाईलचा पूर जवळ आला असं मानत. तो पूर इथिओपियाच्या डोंगरांतल्या पावसाळ्याचा. त्यांना पाणी आणणारा तारा तो येताना दिसे, आपल्याला तो जाताना दिसतो. या पुस्तिकेतलं जून महिन्याचं पान मी त्यासाठी सर्वांत मोठं ठेवलं आहे.

लुकलुकण्याविषयी लोक सर्वांत जास्त विचारतात. व्याध पूर्वेच्या थोडा दक्षिणेला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांच्या बाजूने उगवतो. वर आल्या आल्या तो लाल, हिरवा, निळा असा झरझर बदलतो आणि दर वर्षी कुणी ना कुणी त्याला उतरणारं विमान समजतं. ताऱ्यात काहीही बदलत नसतं. आपल्या हवेत गरम-थंड थर सतत हलत असतात, प्रत्येक थर प्रकाशाला किंचित वाकवतो, आणि वेगवेगळे रंग वेगवेगळे वाकतात. तारा इतका दूर की तो डोळ्याला निव्वळ बिंदू असतो, त्यामुळे कधी एक रंग डोळ्यापर्यंत पोचतो, कधी दुसरा. फिकट ताऱ्यांचंही असंच होतं, पण त्यांचे रंग ओळखण्याएवढा प्रकाश आपल्या डोळ्याला मिळत नाही. क्षितिजाजवळ हवेची जाडी जास्त, म्हणून तमाशा जास्त. दक्षिणेला वर चढला की तो बराच शांत होतो. दुसऱ्या शतकात टॉलेमीने व्याधाला तांबूस म्हटलं आहे आणि त्यावर खूप चर्चा झाली. दहाव्या शतकातल्या अल-सूफीच्या ताऱ्यांच्या ग्रंथात तो तांबूसपणा नाही. एवढ्या तप्त ताऱ्याचा रंग हजार वर्षांत बदलत नाही. क्षितिजालगत पाहिलेल्या ताऱ्याचं ते वर्णन असावं, हे मला सर्वांत पटणारं उत्तर.

आता या ताऱ्याच्या ज्या भागाने मला सर्वांत जास्त धरून ठेवलं आहे त्याकडे येतो. व्याध स्थिर नाही हे १७१८ साली एडमंड हॅलीने ओळखलं; जुन्या ग्रीक नोंदींशी ताडून पाहिल्यावर तो सरकलेला निघाला. हा वेग एवढा की पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं अंतर तो साडेतेराशे वर्षांत काटतो. पुढे फ्रीडरिख बेसेलच्या लक्षात आलं की तो सरळ जात नाही, किंचित हेलकावत जातो. त्याला कुणी तरी ओढत होतं आणि ओढणारा दिसत नव्हता. बेसेलने १८४४मध्ये छातीठोकपणे सांगितलं की व्याधाला अदृश्य सोबती आहे. ३१ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहम क्लार्क हा दुर्बिणी घडवणारा तरुण साडेअठरा इंची नवं भिंग व्याधावर रोखून तपासत होता, तेव्हा त्या झगझगाटाच्या कडेला त्याला एक बारीक ठिपका दिसला. तोच सोबती. सुमारे ५० वर्षांत दोघांची एकमेकांभोवती एक फेरी होते.

तो व्याधापेक्षा सुमारे १० हजारपट फिका. फिका म्हणजे थंड असणार असा सगळ्यांचा समज. १९१५मध्ये वॉल्टर अॅडम्सने माउंट विल्सनवरून त्याचा वर्णपट घेतला आणि तो तर व्याधासारखाच पांढरा, तप्त निघाला. आजच्या मोजणीने २५ हजार अंश. इतका तप्त असून इतका फिका, याचा अर्थ एकच : तो अतिशय लहान आहे. आकार पृथ्वीहून किंचित कमी आणि वस्तुमान सूर्याएवढं. त्यातलं चमचाभर द्रव्य दहा टनांहून जड भरेल. हा श्वेतबटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. दोघे जन्मले एकत्र, सुमारे २३-२४ कोटी वर्षांपूर्वी. सोबती तेव्हा व्याधाहून खूप मोठा होता, म्हणून इंधन भराभर संपवून आधी विझला. आज जो धाकटा वाटतो तो खरा थोरला.

आतली आग विझल्यावरही हा गोळा स्वतःच्या भाराखाली आणखी का चेपत नाही, याचं उत्तर केंब्रिजच्या राल्फ फाउलरने १९२६मध्ये एका लेखात दिलं : इलेक्ट्रॉन एका मर्यादेपलीकडे एकमेकांच्या जागेत शिरायला नकार देतात आणि तो दाब ताऱ्याला तोलून धरतो. हा लेख वाचलेला मद्रासचा एक १९ वर्षांचा विद्यार्थी ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. प्रवासात त्याने फाउलरच्या गणिताला सापेक्षतेची जोड दिली आणि त्याला दिसलं की हा आधारही अमर्याद नाही. पुढे नेमकी झालेली ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट, त्याहून जड गाभा श्वेतबटू होऊच शकत नाही, तो कोसळत जातो. जानेवारी १९३५मध्ये ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने भर सभेत हे धुडकावलं. चंद्रशेखरला नोबेल मिळायला १९८३ साल उजाडावं लागलं. जुलै संपता संपता व्याध पहाटेच्या आकाशात परतू लागलेला असतो, पण मुंबईवर तेव्हा ढग असतात. चंद्रशेखरला बंदरातून तो दिसला असण्याची शक्यता कमीच. तरी त्याच्या गणितातला विषय तोच सोबती आणि त्याचे भाऊबंद होते, आणि त्या गणिताची बोट सुटली ती आपल्याच शहरातून.

हा सोबती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, साध्या दुर्बिणीतूनही नाही. त्याचं व्याधापासूनचं दिसणारं अंतर २०२०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वांत जास्त झालं होतं, त्यामुळे चांगल्या मोठ्या दुर्बिणीतून आणि स्थिर हवेत अजून काही वर्षं प्रयत्न करण्यासारखा आहे. वरळीच्या नेहरू तारांगणात किंवा वांगणीला होणाऱ्या आकाशदर्शनाच्या रात्री गेलात तर तिथल्या जाणकारांना त्याच्याविषयी जरूर विचारा. घरी साधी द्विनेत्री असेल तर व्याधाच्या चार अंश खाली एक तारकागुच्छ शोधून पाहा. हवा स्वच्छ असली तर तो मिरा रोडवरूनही सापडतो.

पुढची पानं महिन्यांप्रमाणे लावली आहेत. प्रत्येक महिन्यात व्याध किती वाजता कुठे असेल ते आधी दिलं आहे आणि त्याच्या जोडीला वर आलेल्या विषयांपैकी एकेक विस्ताराने घेतला आहे. वेळा मोकळ्या क्षितिजासाठी काढलेल्या आहेत. शेवटी आखलेली कोरी पानं आहेत, ती कृपया कोरी ठेवू नका. जूनमध्ये व्याध तुम्हाला शेवटचा कधी दिसला आणि पावसाळ्यात ढग फाटल्यावर पहाटे पहिल्यांदा कधी दिसला, या दोन तारखा त्यांत लिहा. गणित सांगतं, जूनचा पहिला आठवडा आणि जुलैचा शेवटचा. पण ज्या गच्चीच्या पश्चिमेला, गोराईच्या बाजूला, उंच इमारत उभी राहिली आहे तिची जूनची तारीख अलीकडे येणार, आणि पहाटेची तारीख ढगांवर अवलंबून ऑगस्टमध्ये कुठेही जाऊ शकेल. प्रत्येक सोसायटीची नोंद वेगळी निघेल. तारीख, वेळ, मजला आणि हवा कशी होती एवढं लिहिलं तरी पुरे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती आल्या की पुढच्या आवृत्तीत त्या गल्लीवार छापायच्या आहेत.